काळावर ढकललेली चव

'काळच ठरवील' हे आपल्या समीक्षेतले सर्वांत सोयीचे वाक्य आहे. अभ्यासमंडळाच्या बैठकीत एखाद्या नव्या कादंबरीचे नाव निघाले की ते हमखास उच्चारले जाते. जरा मुरू द्या, असे कोणीतरी वडीलधाऱ्या आवाजात सांगतो आणि पुस्तक न उघडताच विषय संपतो. या मुरण्याबद्दल माझे काही म्हणणे आहे, आणि त्याचे निमित्त बियरची एक बाटली आहे. (प्राध्यापकाने असले निमित्त शोधावे काय, हा प्रश्न सोवळ्यातल्या मित्रांसाठी सोडून देतो.)

थॉमस हार्डीच्या मृत्यूला १९६८ साली चाळीस वर्षे झाली. त्या निमित्ताने डॉर्चेस्टरच्या, म्हणजे त्याच्या कादंबऱ्यांतल्या कॅस्टरब्रिजच्या, एल्ड्रिज पोप या मद्यशाळेने 'थॉमस हार्डीज एल' काढली. 'द ट्रम्पेट-मेजर'मध्ये (१८८०) हार्डीने तिथल्या कडक बियरचे मोठे रसिक वर्णन केले आहे आणि शेवटी ती डोक्यात चढते असा चिमटाही काढला आहे. त्या वर्णनाला शोभेल अशी ही बियर : मद्यार्क सुमारे बारा टक्के, बाटलीत जिवंत यीस्ट, वर वर्षाचा शिक्का, आणि नीट ठेवली तर निदान पंचवीस वर्षे टिकेल अशी ग्वाही. एल्ड्रिज पोपने ती १९९९पर्यंत बनवली. २००३पासून काही वर्षे डेव्हनमधल्या ओ'हॅन्लन्सने.

२००८ साली इंग्लंडमधल्या एका मित्राने जपून ठेवलेली १९९४ची बाटली माझ्यासमोर उघडली. फेस जवळजवळ नव्हता. रंग काकवीचा. वास खजुराचा, मनुकांचा, थोडा जुन्या चामड्याचा. जिभेवर आधी गोडवा, मग शेरीसारखा आंबूस कोरडेपणा, आणि अगदी शेवटी सोया सॉसची एक नकोशी खारट छटा. 'काळाने काय जादू केली बघ!' मित्र म्हणाला. मीही मान डोलावली. मग त्याने त्याच वर्षीची ताजी बाटली उघडली : घट्ट, अंगावर येणारी गोड, हॉप्सचा कडवटपणा ठणठणीत, मद्यार्काचा घशाला चटका. मद्यशाळा वेगळी, त्यामुळे तुलना लंगडी हे मान्य. पण मान डोलावण्याची आपली घाई तेवढ्यात कळली.

कारण जादू वगैरे काही नव्हती. बाटलीतल्या प्राणवायूने माल्टचा गोडवा शेरीच्या दिशेने नेला होता, हॉप्सचा कडवटपणा विरला होता, मेलेले यीस्ट विघटित होऊन ती सोयाची छटा आली होती. काही मिळाले, काही गेले. साधी लागर तेवढीच वर्षे ठेवली तर तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. काळ दोन्ही बाटल्यांवरून सारखाच गेलेला असतो. फरक पडतो तो आत काय भरले होते आणि कोणी, कुठे, कसे सांभाळले याने. लोणच्यात मीठ कमी पडले तर बरणीत बुरशीच मुरते.

आणि ज्याने ताजी चव घेतलेली नाही त्याला 'मुरली' असे म्हणण्याचा अधिकार कुठून येतो? मुरणे म्हणजे बदलणे. कशातून कशात बदलले हे ठाऊक नसेल तर तो माणूस फक्त शिक्क्यावरचे वर्ष वाचतो आहे. आमच्या अभ्यासक्रमातली निम्मी 'अभिजातता' या शिक्क्यावर चालते. शिवाय बाटली तळघरात तरी असते. न वाचलेले, न शिकवलेले मराठी पुस्तक पहिल्या आवृत्तीनंतर रद्दीत जाते. मग काळ ठरवणार तरी कशाबद्दल?

नव्याचा निवाडा चुकतो, असा यावर आक्षेप येईल. चुकतोच. हार्डीची 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' १८९५ साली आली तेव्हा वेकफिल्डच्या बिशपने ती आगीत टाकल्याचे जाहीर केले. पुढे १९२८पर्यंत जगूनही हार्डीने नवी कादंबरी लिहिली नाही. पण हॅवलॉक एलिसने १८९६मध्येच, शाई वाळते न वाळते तोच, या कादंबरीची बाजू घेतली. त्याने काळाकडे बोट दाखवले असते तर बिशपला उत्तर देणारा एक आवाज कमी झाला असता.

२००८ची आणखी एक बाटली मित्राच्या तळघरात आहे. त्या रात्रीची ताजी चव मी वहीत लिहून ठेवली, कडवटपणासकट. बाटली उघडेल तेव्हा ती वही बरोबर नेणार आहे.