नाव म्हणजे किल्ली नव्हे

मंडळी, आज एका सवयीवर जरा कडक बोलणार आहे.

चित्र, आवाज आणि हलती अक्षरं एकत्र आणून धड्यांच्या सीडी बनवायला मॅक्रोमीडियाचं डायरेक्टर होतं. २००५ मध्ये ते अडोबीकडे गेलं, २०१७ मध्ये विक्रीही थांबली. त्याची लिंगो भाषा मागे पडली, पण तिच्यात दिसणारी खोड आजच्या भाषांतही सुखाने नांदते आहे.

समजा, आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा करायचा आहे. जिल्ह्यांच्या यादीत तालुके, तालुक्याच्या पोटात गावं. मूल टिचकी मारेल ते नाव ‘जिल्हा’ या चलात येतं. नवशिका लिहितो: यादी.जिल्हा. संगणक ‘जिल्हा’ याच नावाचा कप्पा शोधतो; चलात ‘गडचिरोली’ आहे, हे बघतच नाही. तिथे चौकटी कंस हवा: यादी[जिल्हा][तालुका]. मग चलाची किंमत घेतली जाते. गोष्ट एवढीच.

पण हे शिकण्याऐवजी लोक काय करतात? चंद्रपूरचे १५ आणि गडचिरोलीचे १२, अशा २७ तालुक्यांसाठी २७ अटी लिहितात. त्याहून हुशार असतात ते तुकडे जोडून आज्ञेचं वाक्य बनवतात आणि ‘डू’ म्हणून चालवतात. मग ‘देसाईगंज (वडसा)’ आलं की कंस मध्येच तडमडतो आणि सगळं कोसळतं. याला मी हुशारी म्हणत नाही, आळस म्हणतो.

दुसरा दोष त्याहून मोठा. नावालाच किल्ली करतात. अहो, आपल्याकडे नावं कुठे स्थिर आहेत? चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी रेल्वेचं चांदा फोर्ट तसंच आहे. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सिरोंचा जागेवरून हललं नाही, पण जिल्हा बदलला. शाळेत आपण काय करतो? एका वर्गात दोन सुनीता असल्या तरी दाखल-खारीज रजिस्टरचा नंबर प्रत्येकीचा वेगळा. लग्नानंतर नाव बदललं तरी नंबर तोच. गावालाही असा एक संकेतांक द्या, तीच किल्ली. नाव आत ठेवा, हवं तेव्हा बदला.

तिसरं म्हणजे खोली. यादी ग्रामपंचायतीपाशी थांबवली की काम झालं, असं समजू नका. धानोरा तालुक्यातलं मेंढा घ्या. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, तो मेंढ्याच्या ग्रामसभेला. गाव तेव्हा लेखा गट ग्रामपंचायतीत होतं. पंचायतीपर्यंतच उतरणाऱ्या यादीत हे मेंढा सापडलंच नसतं. ज्या गावाने जंगलावरचा हक्क मिळवला, तेच पडद्यावर गायब!

आणि कप्पा सापडला नाही तर? लिंगोत ‘गेट-ए-प्रॉप’ने विचारलं तर ‘व्हॉइड’ मिळतं, म्हणजे काहीच नाही. ते न तपासता पुढच्या पायरीवर उतरलात की तोंडघशी पडलात. प्रत्येक पायरीवर विचारा, आणि नसेल तर ‘हे गाव यादीत नाही’ असं स्पष्ट सांगा. गुपचूप रिकामी चौकट दाखवू नका.

कोणी म्हणेल, पोरांच्या सीडीसाठी एवढा काथ्याकूट कशाला? कारण हीच सवय घेऊन तो पोरगा उद्या सरकारी अर्जाची यादी लिहितो. सीडीत गाव सापडलं नाही तर मूल दुसरीकडे टिचकी मारतं. अर्जात सापडलं नाही तर भामरागडचा माणूस कुठे टिचकी मारणार? त्याला दिवसभराची मजुरी बुडवून परत यावं लागतं, आणि वर ‘तुमचं गावच नाही’ हे ऐकावं लागतं. गाव आहे हो. तुमची यादी अपुरी आहे.

पटतंय का बघा. नसेल पटत तर भांडा, पण मुद्द्यावर.