पहिल्या पाच दिवसांची हजेरी

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. नवा मजूर सावलीला टेकला की मुकादम म्हणतो, ‘होईल सवय.’ सवय होते, हे खरे. पण ती व्हायला दिवस लागतात, आणि ते दिवस कोणाच्या पदरचे जातात, हे कोणी विचारत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या उन्हाळी सूचनांमध्ये मालकांसाठी एक ओळ आहे. उन्हात नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिले ५ दिवस रोज ३ तासांहून अधिक काम देऊ नका. पुढे हळूहळू वाढवा. अंग सरावायला किमान २ आठवडे लागतात.

हा लाड नव्हे. या दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाऊ लागते, रक्तातला द्रवांश वाढतो, हृदयावरचा ताण उतरतो. हिंमत दाखवल्याने यातले काहीही लवकर होत नाही. उघड्यावरच्या कामात उष्णतेने जे मृत्यू होतात, त्यांतले निम्म्याहून अधिक कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, असे अमेरिकेचे कामगार सुरक्षा खाते सांगते. वर्ध्यात जन्मलेल्यालाही कायमची सूट नाही. आठवडाभर आजारी पडून तो कामावर परतला, की सरावलेले अंग ढिले पडलेले असते.

आता हिशेब मांडू. रोजचे ८ तास धरले तर ५ दिवसांचे ४० तास होतात. सूचना पाळली तर काम १५ तासांचे. उरलेल्या २५ तासांची, म्हणजे तीन दिवसांहून अधिक मजुरी कोण देणार? त्याबद्दल त्या ओळीत अवाक्षर नाही. रोजंदारीवरचा माणूस ३ तासांत काम थांबवून चूल कशी पेटवणार? तो पहिल्याच दिवशी पूर्ण हजेरी भरतो. भोवळ आली तरी डोक्याला दुपट्टा बांधून पुन्हा घमेले उचलतो.

देवळीच्या औद्योगिक वसाहतीपासून हिंगणघाटच्या बांधकामांपर्यंत ठेक्याची कामे चालतात. तिथल्या सरकारी कामांपासून तरी सुरुवात व्हावी. निविदेतच एक अट घाला : नव्या मजुराला पहिले ५ दिवस काम ३ तासांचे आणि हजेरी पूर्ण दिवसाची. तो खर्च सिमेंट-लोखंडासारखा अंदाजपत्रकात धरा. अंग सरावण्याचे दिवस हे कामाचेच दिवस आहेत. त्यांची मजुरी मजुराच्या खिशातून कापली जाते, तोवर ती सूचना कागदावरच राहील.