मोर्चा संपल्यावर काय?

20 सप्टेंबर 2019 रोजी जगभरची शाळकरी मुले हवामानासाठी रस्त्यावर उतरली. पुण्यातलीही उतरली. माझी नात पुठ्ठ्याचा फलक घेऊन गेली होती. संध्याकाळी तो माझ्या हाती देत तिने विचारले, "आजोबा, आता उद्या काय करायचं?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले.

पुढच्याच महिन्यात मुंबईत आरेची झाडे पडली. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. शेकडो तरुण धावून आले, पण सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. त्या तरुणांच्या धैर्याला नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. तरीही करवत आल्यावर जमणारी गर्दी म्हणजे चळवळ नव्हे. चळवळ त्याआधी कितीतरी दिवस कंटाळवाण्या बैठकांत घडत असते.

अशी एक चळवळ आपल्या पुणे जिल्ह्यातच होऊन गेली. 1972 च्या दुष्काळाने हादरलेले इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची 40 एकर माळजमीन त्यांनी कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडवून मुरवले. एवढे तर पुष्कळांनी केले आहे. साळुंख्यांची खरी करामत वाटपात होती. पाणी पंचायतीचा नियम असा, की पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने मिळेल: माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरायचा. वीस एकरवाल्याने अडीच एकरांवर समाधान मानायचे, तेही सगळ्या गावासमोर! हे कबूल करून घ्यायला किती रात्री जागाव्या लागल्या असतील, ते गावात राहिलेल्यांना सांगायला नको.

याचा हवामानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो, आणि अधूनमधून दडी मारून बसतो ते वेगळेच. 2023 मध्ये सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर होताच. पण मुद्दा पाण्यापुरता नाही. कोळसा, पेट्रोल, वीज कमी जाळा म्हणताना आपण तोच प्रश्न विचारत असतो: कोणी किती वापरायचे आणि आधी कोणी सोडायचे? याचे उत्तर ज्या चळवळीकडे नाही, तिचे फलक माळ्यावरच जाणार.

पाणी पंचायतीचाही विजय झाला असे नाही. 2002 मध्ये साळुंखे गेले. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मान्यता दिली खरी, पण पाण्याचा हक्क जमिनीलाच चिकटलेला राहिला. उसाचे तर विचारूच नका.

दोष खेड्यांना देण्यापूर्वी मी आमच्या सोसायटीकडे पाहिले. उन्हाळ्यात बोअर आटते, टँकर येतात आणि त्यांचे बिल सर्व फ्लॅटना सारखे. दोन माणसांच्या घरात गाड्या धुतल्या जातात, सहा माणसांच्या घरात बादल्या भरून ठेवतात. गेल्या वार्षिक सभेत मी मीटर बसवून माणशी पाणी ठरवण्याचा ठराव मांडला. "काका, आम्ही पैसे भरतो ना?" असे एकजण म्हणाले आणि ठराव पडला. बाजूने चार हात वर होते.

यंदा तो पुन्हा मांडणार आहे. मीटरचा खर्च, टँकरची बिले असा सारा हिशेब नातीने मांडून दिला आहे आणि ती रोज संध्याकाळी दोन-दोन घरी जाऊन तो समजावते आहे. सभेत मात्र तिला मत नाही. फ्लॅट तिच्या नावावर नाही.