वाळवंटातले बिऱ्हाड

दुबईला निघालेल्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न पगाराचा विचारतात आणि दुसरा भाड्याचा. दादाची नोकरी दुबईत ठरली तेव्हा घरात हेच झाले. शारजात भाडे कमी, तेव्हा तिथेच राहा, असा सर्वांचा कौल पडला. मला तो मुळीच मान्य नाही.

शारजा ही शेजारची, पण निराळी अमिरात. २००९ साली सुरू झालेली दुबईची मेट्रो तिथवर जात नाही. सकाळी दुबईकडे मोटारींची जी रांग लागते, तिच्यात माणसाची झोप खर्ची पडते. हा खर्च कोणी हिशेबात धरत नाही. करामा, बर दुबई महाग खरे, पण तिथे मेट्रो जवळ आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की स्टेशनापर्यंतची दहा मिनिटांची चालही जड होते. जुन्या व्यापाऱ्यांना हे पुरते कळत होते. अल फहिदीच्या गल्ल्या अरुंद आहेत, त्या भिंतींची सावली वाटेवर पडावी म्हणून! घरांवर वारा खाली ओढणारे मनोरे आहेत, ते निराळेच.

भाडे तिथे सालाचे ठरते आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. नवख्याजवळ एवढी पुंजी कोठली? तो एखाद्या खोलीतली नुसती खाट भाड्याने घेतो. घ्यावी, पण स्टेशनाजवळची घ्यावी. दादा म्हणतो, "तेवढ्या पैशांत शारजात बरी खोली मिळेल." मिळेलही. पण ती त्याला फक्त रात्रीच दिसेल.