समुद्र वाढतोय, पण कॉलेज गावातच हवं

नाटे गावाचा सडा उंच आहे, बंदराकडची वस्ती मात्र खाली, खाडीला लागून. म्हणून इथे शाळा-कॉलेजच्या इमारतीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "समुद्र वाढतोय म्हणतात, किनाऱ्यावर पैसा कशाला घालता? पोरं राजापूर-रत्नागिरीला जातील शिकायला."

पोरं जातील. पोरींचं काय? इतकी वर्षे शिकवून मी एवढं नक्की सांगू शकते, की एसटीचा प्रवास लांबला की आधी मुलीचं शिक्षण थांबतं.

समुद्र वाढतोय ही अफवा नाही. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. म्हणजे जवळपास एक वीत. एका वितीने इमारत बुडत नाही. पण उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की व्हाळाचं पाणी खाडीत उतरत नाही, मागे फिरून आवारात शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने हे भोगलं. वाशिष्ठीचा पूर आणि भरती एकत्र आली. १८६४ साली सुरू झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ नंतर पुन्हा पाणी शिरलं.

म्हणून नुसती भिंत बांधून भागणार नाही. ती पावसाचं पाणीही आत कोंडेल. आपल्या वाडवडिलांनी खारजमिनीच्या बांधाला उघाडी ठेवली. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी. कॉलेजच्या गटारालाही तशी उघाडी बसवता येईल. तळमजला मोकळा ठेवा. पुस्तकं, दाखले, प्रयोगशाळा आणि विजेचे मीटर वरच्या मजल्यावर न्या. विहीर मचूळ होण्याआधी छपरावरचं पाणी साठवा. काठावरचं कांदळवन तोडू नका. आणि कधी जागा सोडायची वेळ आलीच तर सड्यावर जा, तालुक्याला नको.

संस्थाचालकांना आणि पालकांना एकच विनंती आहे. नकाशा मंजूर करण्याआधी साखरीनाटेच्या एखाद्या जुन्या तांडेलाला बोलवा आणि विचारा, "चाचा, मोठ्या उधाणाला पाणी कुठवर आलं होतं?" तो बोट दाखवील तिथे आधी खूण करा. इंजिनिअरचं काम त्यानंतर.