रडीचा डाव कोणाचा?

पक्षाने डावललेला विद्यमान लोकप्रतिनिधी अपक्ष उभा राहिला, की आपण त्याला बंडखोर म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत त्याला रडका पराभूत म्हणतात. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक हरलेल्याला मुख्य निवडणुकीच्या मतपत्रिकेवर येऊ न देणारे कायदे तेथील बहुतेक राज्यांत आहेत. रडीचा डाव नक्की कोण खेळतो, हा माझा प्रश्न आहे.

कनेक्टिकट राज्यात असा कायदा आड आला नाही. तेथील जोसेफ लिबरमन 1989पासून सिनेटर होते. इराक युद्धाला त्यांनी दिलेल्या पाठिंब्यामुळे डेमोक्रॅटिक कार्यकर्ते रुष्ट झाले आणि 8 ऑगस्ट 2006 रोजी नेड लॅमाँट यांनी त्यांचा प्राथमिक निवडणुकीत सुमारे दहा हजार मतांनी पराभव केला. लिबरमन यांनी सह्या गोळा करून, तांत्रिकदृष्ट्या स्वतःच्याच नावाच्या नव्या पक्षातर्फे, स्वतंत्र उमेदवारी दाखल केली. नोव्हेंबरमध्ये त्यांना सुमारे 50 टक्के मते मिळाली, तर लॅमाँट यांना सुमारे 40 टक्के.

प्राथमिक निवडणुकीत मतदान केले होते पावणेतीन लाखांहून थोड्या अधिक नोंदणीकृत डेमोक्रॅटांनी. मुख्य निवडणुकीत अकरा लाखांहून अधिक मतदारांनी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे मध्यस्थ मतदाराचा सिद्धांत आठवणारच. पक्षातला मध्यबिंदू आणि राज्याचा मध्यबिंदू वेगळे असतात. पहिल्यावर हरलेला दुसऱ्यावर जिंकू शकतो, आणि त्यात कोणाचीही फसवणूक नसते.

आक्षेप असा की, ज्याने पक्षाचा कौल मागितला त्याने तो मानलाच पाहिजे. आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. शब्द मोडणे हा दोषच. पण त्या दोषाची शिक्षा कोणी द्यायची? पक्षाने आपले नाव आणि चिन्ह काढून घ्यावे. मतदारसंघ काढून घेण्याचा अधिकार मात्र पक्षाला नाही, कारण तो पक्षाच्या मालकीचा नव्हताच.

आता आपल्याकडे वळू. लिबरमन निदान मतदान होऊन हरले. आपल्याकडे कौल मागायला प्राथमिक निवडणूकच नाही. निवडणूक निरीक्षक म्हणून गेलो असताना मी एक विद्यमान आमदार पाहिले. अर्जांच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपूर्वी पक्षाचा बी फॉर्म आला, तो दुसऱ्याच्या नावाचा. पाच वर्षांच्या कामावर एक शब्दही न बोलता निकाल लागला होता. अपक्ष अर्जासाठी लागणारे दहा सूचक त्यांनी आधीच तयार ठेवले होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. त्यांच्या कारभाराविषयी माझे मत चांगले नव्हते. तरीही त्यांना नाकारण्याचा हक्क त्या रांगेतल्या मतदारांचा होता, दिल्लीतल्या एखाद्या खोलीचा नव्हे.

असे असताना विधी आयोगाने 2015 मधील 255व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवण्यास मनाई करावी, अशी शिफारस केली. अपक्षांत नावसाधर्म्याचे डमी आणि पाठिंब्याचा सौदा करणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण निवडून आल्यावर अपक्ष एखाद्या पक्षात गेला, तर दहाव्या परिशिष्टानुसार त्याचे सदस्यत्व जाते. डमींसाठी अनामत रक्कम वाढवता येते. पक्षश्रेष्ठींच्या मनमानीवर मात्र अपक्ष उमेदवारी हाच मतदाराच्या हातातला एकमेव इलाज आहे. 2024 साली सांगलीची जागा आघाडीतील दुसऱ्या पक्षाकडे गेली, तेव्हा तेथील मतदारांनी तो वापरलाच.

पक्षांनी आधी आपल्या सभासदांना मतदान करू द्यावे, मग हरलेल्याकडून शिस्तीची अपेक्षा करावी. खेळच न मांडता एखाद्याला बाद ठरवायचे आणि तो मैदानात उतरला की रड्या म्हणायचे, हाच खरा रडीचा डाव.