‘पुढे ढकलण्याजोगी’ माणसे

करोनाच्या साथीने गरीब-श्रीमंत सर्वांना एकाच पंगतीत बसविले, हे वाक्य आपण सभांतून, प्रवचनांतून आणि मृत्युलेखांतून इतक्या वेळा ऐकले की ते खरेच वाटू लागले. आम्हांस ते मान्य नाही. त्या पंगतीतून काही माणसे मुकाट्याने उठविली गेली. निकामी मूत्रपिंडाचे, यकृताचे, हृदयाचे रुग्ण त्यांत होते.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि शस्त्रक्रियांची विभागणी झाली: तातडीच्या आणि पुढे ढकलण्याजोग्या. जिवंत दात्याकडून होणारे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या गटात पडले. दिलेली कारणे खोटी नव्हती. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. अशा देहात विषाणू शिरला तर अनर्थच. शिवाय अतिदक्षता विभागांत खाटा अपुऱ्या होत्या. हे सारे आम्ही मानतो. परंतु ज्याचे प्रत्यारोपण ‘त्याच्याच सुरक्षिततेसाठी’ लांबविले, तो काय घरी सुरक्षित बसला होता? आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, त्याला डायलिसिससाठी रुग्णालयातच जावे लागत होते. म्हणजे ज्या जागेची इतरांना धास्ती, नेमके तेथेच! त्यात लोकल बंद. वसई-विरारहून मुंबईस डायलिसिससाठी जाणाऱ्याने दर खेपेस मोटारीचे भाडे कोठून आणावयाचे, हे कोणत्या आदेशात लिहिले होते?

२०१९ साली देशात साडेबारा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली; २०२०मध्ये साडेसात हजारही झाली नाहीत. मृत्यूनंतर अवयव देणारे सातशेहून अधिक होते, ते साडेतीनशेच्या आसपास आले. पुढे आकडे सावरले, हे खरे. वाट पाहताना जे गेले, ते मात्र त्या सावरलेल्या आकड्यांत परत आले नाहीत.

लसीचीही तीच कथा. प्रत्यारोपण झालेल्यांच्या शरीरात दोन मात्रांनी पुरेसे संरक्षण निर्माण होत नाही, हे २०२१मध्येच कळून चुकले होते. फ्रान्सने एप्रिलमध्ये आणि अमेरिकेने ऑगस्टमध्ये अशांसाठी तिसऱ्या मात्रेची सोय केली. आपल्याकडे १० जानेवारी २०२२पासून ‘खबरदारीची मात्रा’ सुरू झाली, ती आरोग्यसेवक, आघाडीवरील कर्मचारी आणि साठी ओलांडलेले सहव्याधीग्रस्त यांच्यासाठी. बहिणीच्या मूत्रपिंडावर जगणारा चाळिशीतला गृहस्थ त्या यादीत बसत नव्हता. एप्रिलमध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना मुभा मिळाली, तीही खासगी केंद्रांत, पैसे मोजून.

सरकारला बोल लावणे सोपे आहे. आपल्या चर्चमध्ये तरी काय घडले? दारे उघडली आणि मास्क खिशात गेले. एखादा प्रत्यारोपित मनुष्य मास्क लावून शेवटच्या बाकावर बसला, तर “अजून घाबरता का?” असे हसत विचारणारे सज्जन आम्ही स्वतः पाहिले आहेत. मिस्सा सुरू असतानाच!

पुढील साथीत प्रत्यारोपणासाठी संसर्गमुक्त रुग्णालये राखून ठेवावीत, डायलिसिसच्या रुग्णांना वाहन मिळावे आणि लसीच्या यादीत प्रत्यारोपितांचे नाव प्रथमपासून असावे, अशी लेखी मागणी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या लोकप्रतिनिधीकडे आताच करावी. साथ आल्यावर नव्हे. आणि त्या अर्जाचा मसुदा करावयास शेवटच्या बाकावरील त्या गृहस्थास अगत्याने बोलवावे.